दडलेला खर्ज

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट ओलांडून रस्ता सपाटीला लागला, की गाडीचा वेग वाढतो, वेगाबरोबर चाकांची घरघर वाढते, आणि तिच्यावर मात करण्यासाठी ऐकणाऱ्याचा हात आपोआप आवाज वाढवण्याच्या बटणाकडे जातो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका प्रवासात पुरुष गायकाचा एक विलंबित ख्याल मी ऐकत होतो. आवाज वाढवताच गळा पुढे आला, तबल्याची चाट पुढे आली, सारंगीचा गज तारेवर घासल्याची सूक्ष्म खरखरसुद्धा स्पष्ट झाली. परंतु इतका वेळ या साऱ्याच्या खाली पसरलेला तानपुऱ्याचा खर्ज आणि डग्ग्याचा घुमारा मात्र जागच्या जागी थांबून राहिले, किंबहुना काहीसे मागेच सरले. गाडी नवी होती, तिच्या किमतीत सबवूफरचे पैसे मोजलेले होते, आणि माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही ठळक अक्षरांत होता. मग मंद्र स्वरांनी ऐन वेळी पाठ का फिरवावी? या एका प्रश्नाचा छडा लावता लावता कंपनीने दिलेला वूफर बदलण्याच्या, आणि बदल केल्याची खूणही बाहेर दिसू न देण्याच्या, एका मोठ्या नाजूक कारागिरीशी माझा परिचय झाला.

मंद्र स्वरांसाठी गाडीत वेगळा स्पीकर असावा, हा विचार आपल्याकडे बरीच वर्षे महागड्या परदेशी गाड्यांपुरता मर्यादित होता. तो आता मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दारातील गाडीपर्यंत येऊन पोहोचला आहे. पिंपरी-चिंचवडला तयार होणाऱ्या टाटांच्या हॅरियरच्या वरच्या श्रेणींत २०१९ पासून जेबीएलची जी ध्वनियोजना मिळू लागली, तिच्यात चार स्पीकर, चार ट्वीटर आणि एक सबवूफर होता. चाकणला तयार झालेल्या महिंद्रांच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये २०२१ पासून सोनीची बारा स्पीकरांची योजना आली. ह्युंदाईच्या क्रेटामध्ये बोस या नावाबरोबर सबवूफर आला. गाडी आणि तिची ध्वनियोजना एकत्रच आखण्याची ही वहिवाट अमेरिकेत रुजली ती अमर बोस यांच्या कंपनीने जनरल मोटर्सच्या १९८३ सालच्या काही गाड्यांसाठी, त्या त्या गाडीच्या अंतर्भागाचे मापन करून, खास बेतलेली यंत्रणा तयार केली तेव्हापासून. तेव्हा कंपनीच्या अभियंत्यांना ध्वनिशास्त्र कळत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्यावर वजनाचे, खर्चाचे आणि जागेचे बंधन असते. डिकीच्या बाजूच्या अस्तराआड, आसनाखाली किंवा स्टेपनीच्या खळग्यात जी सांदी उरेल तीतच त्यांना भागवावे लागते. आणि वॉरंटीच्या साऱ्या काळात, कोणाही मालकाने बटण कितीही फिरवले तरी, वूफर फाटता कामा नये, ही जबाबदारी त्यांच्या शिरावर असते. म्हणून पातळ कागदी पडद्याचा, लहान चुंबकाचा आणि हलक्या प्लास्टिकच्या पेटीतला वूफर ते निवडतात, आणि त्याच्या दुबळेपणाला सांभाळून घेईल अशी तजवीज विद्युत्-यंत्रणेत करून ठेवतात. ही तजवीजच पुढे सुधारणा करणाऱ्याच्या वाटेत आडवी येते, ती कशी, हे यथावकाश सांगेन.

वूफर बदलायचा तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे डिकीत एक भली मोठी पेटी आणून ठेवणे. परंतु ज्या कुटुंबाला दिवाळीत गावी जाताना चार बॅगा, फराळाचे डबे आणि परतीच्या वाटेवर तांदळाचे पोते न्यायचे असते, त्याला हा मार्ग परवडत नाही. शिवाय काचेतून दिसणारी पेटी चोराला निमंत्रण देते, आणि गाडी विकताना गिऱ्हाइकाच्या मनात शंका उत्पन्न करते. ही कारणे खरी आहेत. तथापि लपवण्याचा याहून सखोल असा एक अर्थ आहे, आणि या लेखाचा सारा रोख त्याच्यावरच आहे. वूफर डोळ्यांना दिसू नये एवढ्यावर हे काम संपत नाही. तो कानालाही सापडता कामा नये. मागून, डाव्या कोपऱ्यातून, कुठल्याशा पेटीतून आवाज येतो आहे असे ज्या क्षणी श्रोत्याला वाटते, त्या क्षणी ते काम फसले असे समजावे. खर्ज समोरून, गायकाच्या शेजारी बसलेल्या तानपुऱ्यातून आला पाहिजे.

हे शक्य होते, त्याचे श्रेय निसर्गाच्या एका नियमाला आहे. ध्वनी सामान्य तपमानात सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्यामुळे दर सेकंदाला ४० कंपने असलेल्या स्वराची एक लाट सुमारे साडेआठ मीटर लांब असते, आणि ८० कंपनांच्या स्वराची सव्वाचार मीटर. दोन कानांत पोहोचणाऱ्या आवाजातील वेळेचा आणि तीव्रतेचा फरक पाहून मेंदू दिशा ठरवतो; परंतु दोन कानांमध्ये वीतभरही अंतर नसताना एवढ्या लांब लाटेत त्याला कसली तफावत दिसणार? म्हणून सुमारे ८० कंपनांच्या खालील स्वर कोठून आला, हे बंद गाडीत माणसाला सांगता येत नाही. काळी एकच्या षड्जावर गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्यातील खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा कंप पावते. म्हणजे तिचा मूळ स्वर या अदृश्य प्रदेशात मोडतो. वूफर पकडला जातो तो त्याच्या वरच्या स्वरांमुळे. पडदा ताकदीबाहेर हलला, की तो मूळ स्वरात नसलेले दुप्पट-तिप्पट कंपनांचे भेसळ स्वर काढू लागतो. पेटी थरथरली, अस्तर खडखडले, की तो आवाज शेकडो कंपनांचा असतो, आणि त्याची दिशा कान तत्काळ ओळखतो. लपलेल्या वूफरची चहाडी करतात ते त्याच्या आसपासचेच.

आता मंद्र स्वर इतके खर्चिक का, ते पाहू. स्पीकरचे काम हवा ढकलण्याचे. स्वर एक सप्तक खाली उतरला आणि आवाज तेवढाच ठेवायचा म्हटले, तर चौपट हवा ढकलावी लागते, हा नियम अटळ आहे. आठ इंची वूफरच्या पडद्याचे क्षेत्र सुमारे २१० चौरस सेंटिमीटर असते. तो एका बाजूस ५ मिलिमीटर सरकत असेल, तर एका धक्क्यात सुमारे १०५ घन सेंटिमीटर, म्हणजे चहाच्या एका पेल्याइतकी हवा सारतो. दहा इंची वूफरचे क्षेत्र सुमारे ३४० चौरस सेंटिमीटर, आणि तो चांगल्या बांधणीचा असून १२ मिलिमीटर सरकत असेल, तर हा आकडा ४०८ वर जातो. पाहणाऱ्याला दोन इंचांचाच फरक दिसतो, परंतु हवेच्या हिशेबात तो जवळजवळ चौपटीचा आहे. सबब जो आवाज पहिला वूफर ६० कंपनांवर देत होता, तोच दुसरा ३० कंपनांवर देऊ शकेल. त्याच्या जागी वीजच वाढवून पाहिली, तर शक्ती दुप्पट केल्याने केवळ ३ डेसिबलची भर पडते, आणि कानाला आवाज दुप्पट भासण्यास दसपट शक्ती लागते. एवढी वीज लहान वूफरात कोंबली, तर पडदा मर्यादेला आदळेल आणि तारेचे वेटोळे जळेल.

मोठा वूफर मोठी पेटी मागतो, आणि येथेच लपवण्याचे सारे कोडे आहे. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी आपल्या एआर-१ या स्पीकरात एक नवा विचार प्रत्यक्षात आणला: पडद्याला मूळ जागी परत आणण्याचे काम त्याच्या कडेच्या ताठ पट्टीकडून काढून घेऊन त्यांनी ते पूर्ण बंद पेटीतील हवेवर सोपवले. कोंडलेली हवा ही उत्तम कमान आहे, दाबली की तितक्याच प्रामाणिकपणे उलटते. त्यामुळे कपाटाएवढ्या पेट्यांचे काम पुस्तकांच्या फडताळावर मावेल अशा पेटीत होऊ लागले. परंतु ही सवलत फुकट नव्हती. व्हिलचर यांच्या मंडळींपैकी जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने जो नियम ध्वनिशास्त्रात ओळखला जातो, तो सांगतो, की खोल मंद्र स्वर, लहान पेटी आणि थोड्या विजेत मोठा आवाज या तिहींपैकी कोणतेही दोनच एका वेळी मिळतात. गाडीत पेटी लहान ठेवणे भाग असते, खोल स्वर तर हवाच असतो. म्हणजे तडजोड विजेच्या बाबतीत करावी लागते, आणि पुढे ॲम्प्लिफायरवर जो खर्च होतो त्याचे मूळ येथे आहे. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये, आणि पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी, वूफरची काही मोजकी मापे ठाऊक असतील तर त्याला किती लिटरची पेटी हवी, हे गणिताने काढण्याची रीत घालून दिली. आजही कोणत्याही बऱ्या वूफरच्या कागदावर थील-स्मॉल मापे छापलेली असतात. ती न पाहता केवळ वॉटचा आकडा पाहून वूफर घेणारा मनुष्य पायाचे माप न देता जोडा घेणाऱ्यासारखा फसतो.

या ओढाताणीत गाडी स्वतः ऐकणाऱ्याच्या बाजूने उभी राहते. खोलीत मंद्र लाट पसरते. गाडीची बंद जागा मात्र अशी लहान, की सुमारे ६० ते ७० कंपनांच्या खाली लाटेची निम्मी लांबीसुद्धा तीत मावत नाही, आणि वूफर लाट उठवण्याऐवजी सगळ्या हवेचा दाबच कमीजास्त करू लागतो. स्वर जसजसा खाली जाईल तसतसा हा दाब वाढत जातो. सिद्धान्ताप्रमाणे दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत, प्रत्यक्षात काचा आणि दारांच्या फटींमुळे त्याहून कमी. उलटपक्षी बंद पेटीतील वूफर आपल्या स्वाभाविक कंपनाखाली दर सप्तकाला १२ डेसिबलनेच घसरत जातो. एकाची घसरण दुसऱ्याच्या चढणीने बरीचशी भरून निघते! छिद्र ठेवलेली, घुमणारी पेटी एखाद्या पट्टीत अधिक आवाज देते खरी, परंतु तिला जागा जास्त लागते आणि छिद्राला जुळवलेल्या कंपनाखालच्या स्वरांत ती दुप्पट वेगाने घसरते. म्हणून लपवण्याच्या कामात बंद पेटीच इष्ट, असे माझे स्पष्ट मत आहे.

जागा कोणती निवडावी? हॅचबॅक आणि सेडान गाड्यांत डिकीच्या तळाशी स्टेपनीचा खळगा असतो, आणि चाकाच्या मध्यभागी बसणारा चपटा वूफर अनेकांना सोयीचा वाटतो. परंतु आपल्याकडच्या पावसाळ्यात डिकीच्या रबराला जराशी चीर पडली तरी पाणी प्रथम त्याच खळग्यात साठते, ही गोष्ट कोकणात वा मुंबईत गाडी वापरणाऱ्याला सांगावी लागत नाही. आसनाखालची जागा उथळ असते. तेथे एअरबॅगच्या, बहुधा पिवळ्या टोप्यांच्या, वायरी असतात, त्यांना अनधिकाराने हात लावणे जिवावर बेतू शकते. शिवाय मागच्या प्रवाशांना थंड हवा नेणारी नळीही पुष्कळदा तेथूनच जाते. राहता राहिली डिकीच्या बाजूच्या अस्तरामागची पोकळी, जेथे पुष्कळ गाड्यांत मूळ वूफर असतो. मीही तीच पसंत केली.

माझ्या परिचयाच्या एका कारागिराने ती पोकळी जेव्हा प्रथम उघडली, तेव्हा तिचे रूप पाहून मी निराश झालो. एकीकडे चाकाच्या कमानीचा फुगवटा, दुसरीकडे दिव्यांच्या वायरींचा जुडगा, खाली गाडीतील हवा बाहेर जाण्याची झडप, जी कोणत्याही परिस्थितीत बुजवता कामा नये. चौकोनी अशी एकही बाजू नव्हती. परंतु जेथे सुताराची चौकट बसत नाही, तेथे फायबरचे काम बसते. त्याने प्रथम आतील पत्र्याला चिकटपट्टीचे दोन थर दिले, त्यावर मेण चढवले, आणि मग काचतंतूंची चटई राळेत भिजवून त्या वाकड्यातिकड्या पत्र्यावर थापली. एक थर वाळला की दुसरा, असे पाच-सहा मिलिमीटर जाडी होईपर्यंत. राळेचा वास इतका उग्र, की सारे काम उघड्यावर आणि तोंडाला मुखवटा बांधून. साचा निघाला तेव्हा त्या पोकळीची जणू प्रतिमाच हातात आली: गाडीच्या सांगाड्याला एक भोकही न पाडता, प्रत्येक फुगवट्याला आणि खाचेला जागा देणारी. पुढील तोंडाला त्याने जाड कडे बसवले, आणि ते एमडीएफचे न करता सागरी प्लायवुडचे केले. कारण एमडीएफ ओल धरून फुगते, आणि एकदा फुगलेले कडे पुन्हा हवाबंद होत नाही.

पुढे त्याने जे केले ते पाहण्यासारखे होते. पेटी वाकडी असल्याने तिचे आकारमान फूटपट्टीने काढता येत नव्हते. त्याने तोंडापर्यंत तिच्यात थर्माकोलचे बारीक मणी भरले, आणि मग ते एका चौकोनी खोक्यात ओतून खोक्यातील उंची मोजली. अठरा लिटर भरली. वूफर स्वतः जेवढी जागा अडवतो ती वजा जाता सोळाच्या आसपास उरली, आणि निवडलेल्या दहा इंची चपट्या वूफरच्या कागदावरही तेवढीच मागितली होती. मग पेटीचे तोंड बंद करून त्याने वूफरचा पडदा बोटांनी हलकेच आत दाबला आणि सोडला. पडदा सावकाश, तेल घातलेल्या दारासारखा, परत येत होता. तो झटकन परत आला असता तर कोठेतरी फट आहे असे समजून पुन्हा राळ फिरवावी लागली असती. अस्तराची मूळ जाळी जशीच्या तशी वर बसली. सांगितल्यावाचून कोणाला कळणार नाही असे ते काम झाले, आणि तरीही आवाज मात्र समाधानकारक नव्हता.

येथे माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर सापडले. मनुष्याचा कान सर्व स्वरांना सारखा न्याय देत नाही. मंद आवाजात तो खर्जाविषयी फार बधिर असतो, आवाज वाढला की ही बधिरता कमी होते. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या बेल प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये याचे वक्र प्रसिद्ध केले. या ज्ञानाचा आधार घेऊन गाडीचे मूळ यंत्र कमी आवाजात खर्ज मुद्दाम वाढवते आणि आवाज चढत गेला की तो पायरीपायरीने कमी करत जाते. दुबळ्या वूफरचे रक्षण त्यातच साधते, आणि ऐकणाऱ्याच्या समाधानापेक्षा हे रक्षणच अनेकदा वरचढ ठरते. त्यामुळे नवा, सशक्त वूफर बसवला तरी त्याच्याकडे येणारा ध्वनिसंकेतच मुळात छाटलेला असतो. यंत्राने जे पाठवलेच नाही ते वूफर कोठून वाजवणार? शिवाय तो संकेत जुन्या वूफरच्या दोषांना पुरून उरेल अशा बेताने वाकवलेला असतो. जुना जेथे कमी पडत असे तेथे फुगवटा, जेथे घुमत असे तेथे खड्डा. नव्या वूफरला हे संस्कार अपायच करतात.

त्यावर उपाय म्हणजे मध्ये एक ध्वनिसंस्कारक, ज्याला बाजारात डीएसपी म्हणतात, तो बसवणे. मूळ यंत्रातून निघणारा संकेत प्रथम मोजावा, त्यातील वाकवणूक सरळ करावी, हरवलेला खर्ज आवाजाच्या पातळीनुसार पुन्हा भरावा, आणि मग तो नव्या ॲम्प्लिफायरकडे द्यावा. हे सारे मूळ वायर न कापता करता येते: गाडीचा कपलर जसा असेल तसाच दुसरा कपलर आणून दोहोंच्या मध्ये जोडणी करायची, म्हणजे पुढेमागे ती काढून घेतली की गाडी पूर्ववत. वायर कापून पीळ मारणाऱ्याला या कामाला हात लावू देऊ नये, असे मी निक्षून सांगेन. काही गाड्यांत यंत्र आणि ॲम्प यांच्यामध्ये तारांऐवजी प्रकाशतंतू वा अंकीय वाहिनी असते. तेथे त्या वाहिनीची भाषा जाणणारे खास जोडयंत्रच लागते. आणखी एक सावधगिरी फार थोडे लोक बाळगतात. काही गाड्यांच्या छतात बारीक मायक्रोफोन असतात; ते इंजिनाची घरघर ऐकून तिच्या नेमकी उलट लाट स्पीकरांतून सोडतात, म्हणजे दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. वूफर बदलला, त्याची ताकद आणि त्याला लागणारा वेळ बदलला, की ही उलट लाट चुकीच्या क्षणी येते, आणि संगीत बंद असतानाही गाडीत एक गूढ गुणगुण सुरू होते. अशा गाडीत ती व्यवस्था रीतसर बंद करण्याची सोय आहे की नाही, हे आधी पाहूनच पुढचे पाऊल टाकावे.

विजेचा हिशेब सरळ आहे, परंतु जीव धोक्यात येतो तो येथील हलगर्जीपणाने. ३०० वॉटचा डी वर्गाचा ॲम्प सुमारे ८० टक्के कार्यक्षम धरला, तर तो पूर्ण जोरात असताना पावणेचौदा व्होल्टवर बॅटरीतून सुमारे २७ अँपिअर ओढतो. डिकीपर्यंतची ५ मीटर वायर १० चौरस मिलिमीटरच्या शुद्ध तांब्याची असेल, तर वाटेत पाव व्होल्टही जात नाही. बाजारात मात्र ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर सर्रास तांब्याची म्हणून विकली जाते. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे साठ टक्के, त्यामुळे तीच जाडी अधिक तापते. एक टोक तासून आत पांढरा धातू दिसतो का, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे. फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आतच हवा, कारण त्याचे काम वायरीचे रक्षण करण्याचे आहे. ॲम्पजवळचा फ्यूज बॅटरी ते ॲम्प या दरम्यान घासल्या गेलेल्या वायरीचे काहीही रक्षण करीत नाही, आणि गाडी पेटते ती त्याच दरम्यान. अर्थिंग जवळच्या पत्र्याला, रंग खरवडून उघड्या लोखंडावर घ्यावी. ती सैल राहिली की इंजिनाच्या गतीबरोबर चढत जाणारी एक शीळ स्पीकरांतून ऐकू येते. आणि ॲम्प गालिच्याखाली गाडून टाकू नये. तोही तापतो, आणि विदर्भातल्या वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या गाडीचे पोट तर आधीच भट्टी झालेले असते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत नारिंगी आवरणाच्या ज्या जाड वायरी असतात त्यांच्या जवळपासही कारागिराचा हात जाता कामा नये. तेथेही जोडणी करायची ती १२ व्होल्टच्या लहान बॅटरीवरूनच.

राहिली खडखड. नवा वूफर बसल्यावर पहिल्याच संध्याकाळी आम्ही ३० कंपनांपासून हळूहळू चढत जाणारा एकच स्वर वाजवला, आणि एकामागून एक वस्तू बोलू लागल्या: ३८ वर जॅक, ४५ वर मागची नंबर प्लेट, ५२ वर डिकीच्या दाराचे आतील अस्तर, साठीच्या पुढे चष्मा ठेवण्याचा कप्पा. प्रत्येक वस्तूचे स्वतःचे एक कंपन असते आणि तेवढाच स्वर तिला हलवतो. पत्र्यावर ब्यूटाइल रबराची ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली डॅम्पिंग शीट चिकटवली, अस्तराच्या खिळींना नमद्याच्या पट्ट्या गुंडाळल्या, नंबर प्लेटमागे स्पंजाचे तुकडे दिले. दोन संध्याकाळी यातच गेल्या. कोणी मला विचारील, की एवढ्या खटाटोपात खर्च कोठे वाचवावा, तर मी सांगेन की वूफर एक पायरी खालचा घ्या, परंतु हे काम टाळू नका. कारण मागे सांगितल्याप्रमाणे, वूफरचा ठावठिकाणा कानाला कळतो तो याच खडखडीतून.

शेवटची जुळवणी बसून, निवांतपणे करायची असते. वूफरकडे ७० ते ८० कंपनांच्या वरचे काही जाऊ नये असा बांध घालायचा, आणि तो बांध उताराचा न ठेवता कड्यासारखा ठेवायचा, म्हणजे दर सप्तकाला २४ डेसिबल. मागचा वूफर चालकापासून समोरच्या स्पीकरांपेक्षा दोन मीटर दूर असेल, तर त्याचा स्वर सुमारे सहा हजारांश सेकंद उशिरा पोहोचतो. म्हणून जवळच्या स्पीकरांनाच तितके थांबवून धरायचे. मग वूफरच्या दोन तारा उलटसुलट करून दोन्ही वेळा तोच तुकडा ऐकायचा. ज्या जोडणीत डग्गा भरीव आणि समोर वाटेल ती बरोबर. सामान्यतः वूफरची पातळी प्रत्येक जण प्रथम जास्तच ठेवतो. मीही ठेवली होती. आठवडाभराने ती दोन वेळा उतरवली, तेव्हा एका रात्री, काचा बंद असताना, डग्ग्यावर मनगट दाबत नेताना स्वर जो खालून वर चढत जातो, तो डॅशबोर्डच्या मध्यावरून, गायकाच्या किंचित उजवीकडून आला. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि तो ठेका संपेपर्यंत थांबलो.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. वायर कापलेली आढळली तर विद्युत्-भागांची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. कपलरच्या जोडणीचा आग्रह त्यासाठीही धरायचा. बसवलेल्या सामानाची पावती विमा कंपनीकडे देऊन विद्युत् उपकरणांची स्वतंत्र नोंद, जिला विम्याच्या भाषेत आयएमटी-२४ म्हणतात, ती पॉलिसीवर करून घ्यावी. नोंद नसलेल्या उपकरणाची भरपाई मागताना मालकाची बाजू लंगडी पडते. आणि गाडीतला खर्ज गाडीतच राहील, ही काळजी घ्यावी. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे, आणि मंद्र लाटा भिंतींतून जितक्या सहज जातात तितके दुसरे काही जात नाही. शेजारच्या घरात आजारी माणूस निजलेला असतो, परीक्षेचे मूल बसलेले असते.

काढलेला मूळ वूफर भंगारात देऊ नये. मी तो जुन्या सुती धोतरात गुंडाळून, त्याचे मूळ स्क्रू एका पिशवीत घालून, कोणता कपलर कोठे जोडलेला होता याचा हाताने काढलेला नकाशा आणि कामाच्या आधीची छायाचित्रे यांसह खोक्यात बांधला, आणि खोक्यावर गाडीचा क्रमांक व तारीख घालून तो माळ्यावर ठेवला आहे. गाडी दुसऱ्याच्या हाती देण्याचा दिवस येईल तेव्हा फायबरची पेटी चार बोल्ट काढून बाहेर येईल, मधला कपलर निघेल, आणि हे खोके खाली उतरेल.